सत्त्याऐंशी चुका

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीला पाच महिने राहिले. संचालक गोड हसून म्हणाले, "सर, आता आठवणी लिहायला घ्या." म्हणजे खोली लवकर रिकामी करा. बरं, घेतल्या. रोज संध्याकाळी चहा झाला की अर्धा तास. रात्री डायरी लिहिणारी माणसं रडकी असतात, हे माझं जुनं मत आहे.

पहिली आठवण आजचीच. बाईसाहेबांनी निबंध माझ्या टेबलावर आणून ठेवला. बाईसाहेब म्हणजे आमच्याकडे तीन वर्षांच्या करारावर आलेली संशोधक. वय तीस-एकतीस, आणि चालणं असं की अख्खा मजला तिच्या नावावर आहे. आमच्या संस्थेत निबंध बाहेर छापायला जाण्याआधी संस्थेतल्याच एका ज्येष्ठाने वाचून सही करावी लागते. गोलाकार तारकागुच्छ या विषयात ज्येष्ठ एकच उरलाय, तो मी. सही अठ्ठावीस तारखेपर्यंत हवी. नाही मिळाली तर तिचा करार संपतो, आणि या विषयात दुसरीकडे जागा नाहीत. तिने हे सांगितलं नाही. संचालकांनी सांगितलं, कानात, मी जणू पाघळणार होतो.

विषय वाचून हसू आलं. आमच्या गुच्छात म्हणे ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत. आईबाप आणि पोरं एकाच घरात.

आठवणी वाचणाऱ्यांना यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगून ठेवतो. गोलाकार तारकागुच्छ म्हणजे लाखो तारे एका गोळ्यात दाटीवाटीने राहतात. सगळे एका ढगातून, एकाच वेळी जन्मले, असं मी शिकवत आलोय. म्हणून त्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख काढला की ते एका बारीक रेघेवर येतात. रेघ जितकी बारीक, तितकं मोजमाप चोख. एकतीस वर्षांपूर्वी या गुच्छाची तोवरची सगळ्यात बारीक रेघ मी काढली. त्या रेघेवर माझं पुस्तक उभं आहे. ते घोकून कितीतरी पोरं पास झाली, बाईसाहेबसुद्धा.

आता ती मला शिकवते, की अतिनील प्रकाशात पाहिलं तर रेघ एक नाही, दोन आहेत. पहिल्या पिढीने बाहेर टाकलेल्या मालातून दुसरी पिढी जन्मली. म्हणून दुसरीत नायट्रोजन जास्त, सोडियम जास्त. नायट्रोजन अतिनील प्रकाश गिळतो, म्हणून हे तारे तिथे मंद दिसतात. ऐकायला छान आहे. लहान मुलांना झोपवताना उपयोगी पडेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईने सकाळी सकाळी माझं डोकं खाल्लं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची. तिनेही लग्न केलं नाही, मीही नाही, घर दोघांचं. चहा गाळता गाळता म्हणाली, "तुझं हे भिंतीवरचं घड्याळ दीड मिनिट मागे पडलंय. बघ रे, बरोबर आहे का? माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही."

हे शेवटचं वाक्य तिच्या प्रत्येक वाक्याच्या मागे येतंच. गॅस बंद केला, बघ रे. दाराला कडी घातली, बघ रे. मी रेडिओवरच्या वेळेशी लावून पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद मागे होतं. म्हणजे चुकलीच.

तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदूही झालाय. बुधवारी तपासणीला न्यायचं आहे. पण डोळे जुनेच अधू. हेही आठवणींत यायला हवं, कारण माझी रेघ बारीक का झाली ते यावरून कळेल.

तेव्हा ताई आमच्या मोजणीखोलीत कामाला होती. दुर्बिणीचे फोटो काचेवर निघायचे, तारा म्हणजे काचेवरचा काळा ठिपका. यंत्राच्या भिंगाखाली ठिपका मधोमध आणायचा, त्याच्याभोवतीची गोल झडप हळूहळू लहान करायची, काटा शून्यावर आला की आकडा वहीत लिहायचा. दोनशे चाळीस तारे, एकदा निळ्या प्रकाशात, एकदा अतिनील प्रकाशात. आठ महिने बसली. निळ्यातले आकडे ठीक आले. अतिनीलमध्ये मात्र सत्त्याऐंशी तारे रेघेच्या बाहेर. सत्त्याऐंशी! हद्द झाली. मी लाल पेन्सिल घेतली आणि सगळे काढून टाकले, तेव्हा कुठे रेघ बारीक झाली. तिला म्हटलं, "ताई, तुझे डोळे गेलेत." तिने आठवड्याभरात काम सोडलं. वाद घातला नाही. समजूतदार आहे बिचारी.

तेव्हापासून संस्थेत एक शब्द रुळला. रेघेबाहेर पडलेल्या, फेकून द्यायच्या ताऱ्याला 'ताईचा' म्हणतात. "किती ताईचे निघाले?" "चार." "टाका." नवी पोरंही म्हणतात, ताई कोण ते एकालाही ठाऊक नाही. मध्ये कधीतरी ताईच्या कानावर गेलं तेव्हा केवढी खूश झाली! तिला वाटलं, तिची आठवण ठेवली लोकांनी. मी फोड करून सांगितलं नाही. काय गरज आहे?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईसाहेबांना बोलावलं. बस म्हणायच्या आत बसली.

"वाचलंत, सर?"

"वाचलं. गोष्ट रंगवून सांगता तुम्ही."

"गोष्ट नाही सर, मोजमाप आहे."

"मोजमाप आम्हीही केलंय. तुमच्या जन्माच्या वेळी." हे मी मुद्दाम म्हटलं. "पसारा असतो, बाई. मोजणाऱ्याचा हात हलतो, डोळा चुकतो, तारे इकडेतिकडे सांडतात. त्याला पिढी म्हणत नाहीत, त्याला चूक म्हणतात."

तिने आलेख माझ्यापुढे सरकवला. "चुकीचा पसारा असता तर तारे रेघेच्या दोन्ही बाजूंना सांडले असते, सर. हे सगळे एकाच बाजूला आहेत. आणि दोन गटांच्या मध्ये मोकळी जागा आहे. चूक अशी मोकळी जागा सोडून कशी होईल?"

जीभ फार चालते. मला उत्तर सुचलं नाही असं तिला वाटलं असेल. मला उत्तर द्यायची गरज वाटली नाही, एवढंच. मी कपाटातून माझी जुनी यादी काढली, लाल रेघा मारलेली, आणि तिच्या पुढ्यात टाकली. "हे बघा. हाच गुच्छ, हाच पसारा, सत्त्याऐंशी तारे. आम्हालाही दिसले होते. फरक इतकाच की आम्हाला कचरा ओळखता यायचा. हे सगळे ताईचे आहेत."

ती यादीकडे बघतच राहिली. "सर, ही मी ठेवून घेऊ?"

"चौकट करून भिंतीवर लावा."

तोंडात मारल्यासारखी गेली. बरं वाटलं. अठ्ठावीस तारखेपर्यंत वाटही बघावी लागणार नाही बहुतेक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात तीन तास मोडले. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा आपली सगळी दुखणी मोठ्याने वाचून दाखवत होता. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, म्हणजे सर्वज्ञ आहेत. ताईचे डोळे तपासले आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, काढून टाकू. त्याच्यामागे डोळा एकदम स्वच्छ आहे. आधी काही त्रास होता का?"

ताई म्हणाली, "आधीपासूनच कमजोर आहेत हो. सदतीसाव्या वर्षीच गेले."

"कुणी सांगितलं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. मग ताईने पिशवीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून एक घडी घातलेला कागद. एकतीस वर्षं जपून ठेवलेला! तेव्हाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचली: "दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम. चष्म्याची गरज नाही." आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच पेशंट आहे.

मला आठवली ती चिठ्ठी. ताईने तेव्हाच आणून दाखवली होती. मी म्हटलं होतं, डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, काचेवरचे ठिपके नव्हे, त्यांना काय कळतंय त्यातलं. बरोबरच म्हटलं होतं. तो कागद ती का जपून ठेवते देव जाणे. बायकांना कागद जपायची खोडच असते.

ऑपरेशन बावीस तारखेला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहितो. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

बाईसाहेब सकाळी नऊला खोलीत आली. धापा टाकत, जिना चढून. लिफ्टची वाट बघायलाही वेळ नव्हता तिला. तिच्या हातात माझी यादी होती, आणि प्रत्येक क्रमांकापुढे निळ्या शाईने खूण.

"सर, तुमचे सत्त्याऐंशी तारे मी माझ्या आलेखावर टाकले. नव्या दुर्बिणीच्या आकड्यांवर."

"बरं मग?"

"एक्क्याऐंशी दुसऱ्या रेघेवर आहेत. बरोब्बर रेघेवर. आणि तुम्ही ठेवलेले जे एकशे त्रेपन्न आहेत ना, ते सगळे पहिल्या रेघेवर. एकसुद्धा इकडचा तिकडे नाही." तिला बोलता बोलता हसू फुटत होतं. "सर, तुम्ही पिढ्या वेगळ्या केल्या होत्या! काचेवरून, हाताने, एकतीस वर्षांपूर्वी! कुणाचा विश्वास बसणार नाही. हे तुम्हाला तेव्हाच सापडलं होतं, सर!"

मी म्हटलं, "यादी ठेवून जा." ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि मी स्वतः एकेक क्रमांक तपासला. दुपारचं जेवण राहिलं. सगळे एक्क्याऐंशी बसतात. पुन्हा तपासले, पुन्हा बसतात.

माझी रेघ बारीक होती, कारण ती फक्त एका पिढीची रेघ होती. दुसरी पिढी मी लाल पेन्सिलने मारली होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस लिहिलं नाही. कामं होती.

संचालक येऊन गेले. बाईसाहेबांनी बातमी सगळीकडे वाटली असावी. हा गृहस्थ हार घेऊनच आला नाही एवढंच. "सर, तुम्ही तर तेव्हाच ओळखलं होतं! निवृत्तीच्या समारंभात हाच विषय घेऊ. निबंधात पहिला परिच्छेद तुमच्यावर." मी म्हटलं, बघू. नाही म्हटलं नाही.

आणि का म्हणावं? प्रकल्प माझा होता. दुर्बिणीचा वेळ मी मिळवला, काचा मी निवडल्या, ते सत्त्याऐंशी वेगळे आहेत हे मीच ठरवलं. चुकीच्या कारणाने ठरवलं असेल, पण वेगळे काढले तर मीच ना? यादी माझ्या हातची आहे. मोजणारं माणूस आकडे लिहितं, त्यातून अर्थ काढणारा निराळा. हे जगभर असंच चालतं. मी काही जगावेगळं करत नाहीये.

बाईसाहेबांनी जाता जाता विचारलं, "सर, या ताऱ्यांना 'ताईचे' का म्हणतात हो?"

"जुनी पद्धत आहे," मी म्हटलं.

"ताई म्हणजे कुणी खरी होती?"

मी म्हटलं, मला बैठक आहे. बैठक नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. उजवा डोळा. ताई दुपारी घरी आली, डोळ्यावर पांढरी झाकणी, हातात थेंबांची बाटली. टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाली, "यात ऐंशीएक थेंब असतील. तेवढ्यात महिना निघायचा नाही. बघ रे, माझ्या डोळ्यांचं…"

"असू दे," मी म्हटलं. आज मला ते वाक्य ऐकवेना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जसं झालं तसं लिहितो. मी ते चांगल्या मनाने केलं असं कुणाला वाटायला नको, मलाही.

काल रविवार होता. ताईला वाचायला मनाई आहे, म्हणून सकाळी म्हणाली, "काहीतरी वाचून दाखव ना रे. त्या मुलीचा निबंध वाच. तू इतके दिवस तिला शिव्या देतोयस, बघू तरी काय म्हणते."

मी वाचायला लागलो. थोडं वाचून थांबणार होतो. ताई डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एक तक्ता आला, दुसऱ्या पिढीतल्या ताऱ्यांचे क्रमांक. या सुधारलेल्या प्रतीत आमचेच जुने क्रमांक वापरलेत तिने. तक्ता सोडून पुढे गेलो तर म्हणाली, "आकडे का गाळलेस? वाच."

"एकशे एकोणीस, एकशे सव्वीस, एकशे तीस…"

"एकशे एकतीस," ताई म्हणाली.

मी थांबलो. पुढचा आकडा एकशे एकतीसच होता.

"मग एकशे चव्वेचाळीस. मग एकशे सत्तेचाळीस, तो जरा कडेला होता. त्याला मी तीनदा मोजलं होतं." ती डोळे मिटूनच बोलत होती. "हे माझे आहेत ना रे? तू लाल रेघ मारलेले?"

मी हो म्हटलं.

"मग ही मुलगी ते का छापते?"

आता काय करणार? सांगितलं. सगळं सांगितलं, रेघा दोन होत्या, तिने दोन्ही मोजल्या होत्या, मी एक पुसली. तिचा मोजणीयंत्रावरचा हात हलला नव्हता. डोळाही चुकला नव्हता.

ताई म्हणाली, "किती बसले?"

"सत्त्याऐंशीपैकी एक्क्याऐंशी."

"आणि सहा?"

आहे की नाही! एक्क्याऐंशी बरोबर आले हे ऐकून दुसरं माणूस रडलं असतं, नाचलं असतं. ही विचारते, सहा कुठे गेले. मी म्हटलं, सहा चुकले असतील, एवढं चालायचंच.

"माझ्या कपाटात खालच्या खणात मूळ वही आहे. आण."

आणली. तिच्या हातची वही, एकतीस वर्षं तिथेच. मला वाटत होतं कधीच रद्दीत गेली. मी त्या सहा ताऱ्यांची पानं उघडली. सहांच्याही पुढे समासात बारीक अक्षरात प्रश्नचिन्ह. एकापुढे लिहिलंय, 'काचेला ओरखडा, भरवसा नाही.' दोघांपुढे, 'शेजारी दुसरा तारा चिकटलेला.' बाकीच्या तिघांपुढे, 'दोन काचांचे आकडे जुळत नाहीत, पुन्हा मोजावे.' मी यादी उतरवून घेताना समास उतरवला नव्हता.

म्हणजे सत्त्याऐंशीत तिची चूक एकही नाही.

मी वाचून दाखवलं. ताई म्हणाली, "हं." मग म्हणाली, "तू मला सांगितलंस, डोळे गेले."

"हो."

"मी खरं धरलं. डॉक्टरांपेक्षा तुझं खरं धरलं. तू शिकलेला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सदतीस वर्षांची होते मी. सुईत दोरा ओवायचं सोडलं. रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात शोधायला लागले. दुसऱ्या वेधशाळेतून मोजणीसाठी पत्र आलं होतं, त्यांना मीच कळवलं, माझे डोळे चांगले नाहीत म्हणून. एकतीस वर्षं प्रत्येक गोष्ट तुला दाखवून घेते मी. गॅस बंद आहे ना, बघ रे. मला दिसत होतं की बंद आहे! दिसत होतं रे मला!"

मी माफी मागितली. माफ कर ताई, असं तोंडाने म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून इतका फुसका शब्द निघाला. मी आयुष्यभर ज्या मठ्ठ विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढलं, त्यांच्यातला एकही इतका मठ्ठ नव्हता.

आणखी एक होतं. तेही सांगून टाकलं, कारण आता राहिलंच काय होतं. 'ताईचे' या शब्दाचा अर्थ काय तो सांगितला. फेकून द्यायचे. लोक हसतात त्यावर.

तेव्हा मात्र तिने तोंड फिरवलं. झाकणी नसलेल्या डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टरांनी रडायचं नाही असं सांगितलंय, तेही माझ्यामुळेच मोडलं.

मग पाणी पुसून म्हणाली, "उद्या डॉक्टरीणबाईंची वेळ घे."

"दुखतंय का?"

"मला नाही. तुझ्यासाठी घे. तपासून घे एकदा."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

संचालकांकडे गेलो. म्हटलं, पहिल्या परिच्छेदातून माझं नाव काढा. ते म्हणाले, "सर, नम्रता पुरे." माझ्या नम्रतेवर विश्वास ठेवणारा हा जगातला पहिलाच प्राणी. मी म्हटलं, नम्रता नाही, यादी माझी नाही, माझी फक्त लाल पेन्सिल आहे. मोजणी माझ्या बहिणीची, आणि मी ती चूक ठरवून तिला घरी बसवलं. समारंभात सांगायचं तर हे सांगा. त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या गालिच्यावर काही सांडलंय.

मग बाईसाहेबांच्या खोलीत गेलो. पहिल्यांदाच गेलो, तीन वर्षांत. एवढीशी खोली, खिडकी नाही, भिंतीवर माझी यादी लावलेली. खरंच चौकटीत. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल किंवा निदान मनातल्या मनात खूश होईल. तिने एवढंच विचारलं, "वही अजून आहे? समासासकट?"

"आहे."

"मी बघायला येऊ? आज?"

ताईला फोन करून विचारलं. ताई म्हणाली, "वही घराबाहेर जाणार नाही. यायचं तर तिने इथे यावं." माझ्याशी अजून ती कामापुरतंच बोलते आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सही केली. सोबत एक पान जोडलं, तेही छापायचं अशी अट घालून: मूळ मोजणीतले सत्त्याऐंशी तारे मी पुरावा नसताना रद्द केले, आणि माझ्या पुस्तकातली रेघ त्यामुळे चुकीची आहे. चार ओळी लिहायला दोन दिवस गेले. प्रत्येक मसुद्यात मी स्वतःला कुठेतरी वाचवलेलं असायचं. बाईसाहेबांचा करार वाढेल असं संचालक म्हणाले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

एक भानगड झाली. बाईसाहेबांनी निबंधात दुसऱ्या रेघेला 'ताईची रेघ' असं नाव दिलं होतं. प्रेमानेच. ताईने ऐकलं आणि खाडकन म्हणाली, "नको. तुमच्याकडच्या त्या शब्दाला आता मखरात बसवू नका. माझं पूर्ण नाव आहे. आकडे माझ्या नावावर छापा, प्रश्नचिन्हांसकट." तसं ठरलं. निबंधावर दोन नावं आहेत. माझं नाही, आणि ते बरोबर आहे.

आज संस्थेच्या जिन्यात एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "तीन ताईचे निघाले, टाकले." मी त्याला थांबवलं, खोलीत नेलं आणि तिन्ही तारे परत घ्यायला लावले. तो घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होता. एका पोराला दटावून एकतीस वर्षं भरून येत नाहीत, हे मलाही कळतं.

२ मार्च, रविवार

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. ताईने वेळ घ्यायला लावलीच. माझे डोळे ठणठणीत आहेत. त्या म्हणाल्या, "काही दोष नाही." म्हणजे मला सबबही उरली नाही.

ताईची झाकणी निघाली. बाईसाहेब सकाळपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली आहे, ताई शेजारी. संस्थेच्या तळघरातून त्या सहा ताऱ्यांच्या काचा आणल्यात आणि एक हातभिंग. ताई भिंगाला डोळा लावून सांगते, ती लिहून घेते. त्यांना आता ते सहाही पुन्हा तपासून हवेत. मी मध्ये एकदा काही सुचवायला गेलो तर दोघींनी एकदम मान वर केली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

चहा नेऊन ठेवला. ताईने घोट घेतला, काच उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हा ओरखडा ताऱ्यावरून जात नाही. बाजूने जातो. ताऱ्याचा आकडा खरा आहे, धर."

बाईसाहेबांनी लिहून घेतलं. मी कपबशा हातात धरून तिथेच उभा होतो, तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत. बघ रे, म्हणेल. एकतीस वर्षांची सवय आहे, म्हणेलच.

तिने दुसरी काच घेतली.